हॅमस्टरच्या काचपेटीत मासे: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ओवाळणी घालायला नाशिकरोडला बहिणीकडे गेलो आणि येताना गाडीच्या मागच्या सीटवर तीन फुटी काचेची पेटी घेऊन आलो. पेटी गॅलरीत उपडी पडून होती. त्यात भाचीचा हॅमस्टर राहायचा, लाडू नावाचा. तो ऑगस्टमध्ये गेला. हॅमस्टरचं आयुष्यच दोन ते तीन वर्षांचं, त्यामुळे अचानक असं काही नाही, पण पोरीने पेटी कुणाला हात लावू दिली नव्हती. बहीण म्हणाली, "दादा, नेतोस का? नाहीतर मी भंगारवाल्याला देणार आहे." भाचीची अट अशी, की टाकी तिचीच राहील, मासे मात्र दोघांचे.

गाडीत टाकण्याआधी तीन गोष्टी विचारून घेतल्या. पेटीत गोचिडा-पिसवांचा स्प्रे कधी मारला का? नाही. एकदा खाज सुटली म्हणून डॉक्टरांनी लाडूच्या मानेवर थेंब टाकले होते, तेवढंच. हे विचारणं महत्त्वाचं, कारण असल्या फवाऱ्यांत बहुतेक पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात. कुत्र्याला त्यांचं काही होत नाही, माशाला मात्र अगदी थोडा अंशही पुरतो. काचा जोडणारं सिलिकॉन अशी औषधं शोषून धरतं, म्हणजे नुसतं धुऊन भागत नाही. दुसरा प्रश्न फिनाईलचा. आपल्याकडे प्राण्याची जागा म्हटली की फिनाईलचं फडकं फिरतंच. उत्तर आलं, बाहेरून आणि खालून फिरायचं, आत भांड्यांचा साबण. तिसरा प्रश्न, पेटी बनवली कुणी? जवळच्या काचवाल्याने, "उंदरासाठी" म्हणून सांगून.

हे शेवटचं उत्तर सगळ्यात कामाचं. ज्याने बनवली त्याच्या डोक्यात पाणी नव्हतंच.

४ नोव्हेंबर

मोजमाप. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे व्हर्नियर आणि पाणसळ घरात असतातच.

आतून लांबी ९० सेंमी, रुंदी ३८, उंची ४५. काच वरच्या कडेला चार ठिकाणी मोजली, ४.९ मिमी, म्हणजे बाजारातली ५ मिमी. वर काचेच्या आडव्या पट्ट्या नाहीत. डाव्या बाजूच्या काचेला तळापासून ३० सेंमीवर १२ मिमीचं भोक, लाडूच्या पाण्याच्या बाटलीची नळी त्यातून आत यायची.

आता हिशेब. काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो. मागे पाणी एक फूट पसरलंय की दहा फूट, याच्याशी त्याचा संबंध नाही. लांब काचेत वाकण्याचा ताण ढोबळमानाने उंचीच्या घनात वाढतो, उंची दुप्पट तर ताण आठपट. ही टाकी गळ्यापर्यंत भरली तर ५ मिमी काचेचा सुरक्षा गुणक (प्रत्यक्ष ताणाच्या किती पट काच सोसेल तो आकडा) जेमतेम १.६ येतो. माशांच्या टाक्यांसाठी ३.८ धरायची पद्धत आहे, आणि तेवढा हवा तर काच ८ मिमी लागेल. पण पाणी २५ सेंमीवर थांबवलं, की त्याच काचेचा गुणक आठच्या वर जातो.

सुरक्षा गुणक १.६ म्हणजे भरल्या क्षणी फुटेल असं नाही. महिनोन्महिने ठीक राहील, आणि मग एखाद्या रात्री स्टँड किंचित सरकेल किंवा काचेवर बारीक टवका असेल, आणि दीडशे लिटर पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दिवाणखान्यात. रोज टॉलरन्स बघणाऱ्या माणसाला हे पटणं शक्य नाही.

म्हणून पहिला आणि बहुधा शेवटचा मोठा निर्णय: पाणी २५ सेंमी. भोक ३० वर आहे, म्हणजे बुजवायचीही गरज नाही, उलट हवेची नळी त्यातून घेता येईल. वरच्या पट्ट्या चिकटवून, भोकाला रबर ठोकून टाकी पूर्ण भरता आली असती, असं करणारे लोक आहेत. मला त्यात रस नाही. ९० बाय ३८ चा पृष्ठभाग तसाच राहतो, हवा पाण्यात मिसळते ती पृष्ठभागातूनच. उंच पाणी बघायला रुबाबदार, पण माशांना आडवी जागा जास्त उपयोगाची.

काच टफन्ड (तापवून कडक केलेली) आहे का तेही पाहिलं. लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन मागे धरायचा आणि पोलराइज्ड गॉगल घालून काचेतून बघायचं. टफन्ड असेल तर गडद डाग किंवा पट्टे दिसतात. काही दिसलं नाही. साधी काच.

९ नोव्हेंबर

धुणं. मागच्या कोपऱ्यात, जिथे लाडू नेमाने शू करायचा, तिथे पिवळट पांढरा थर बसलेला. नखाने निघत नाही. हॅमस्टरच्या लघवीत कॅल्शियम कार्बोनेट भरपूर असतं, ते वाळून असं दगड होतं. साबण त्याच्यापुढे निरुपयोगी.

वाण्याकडून लिंबूसत्त्व आणलं, अर्धा लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम, त्यात जुन्या बनियनची पट्टी भिजवून कोपऱ्यात दाबून ठेवली. पट्टी उचलली तर थरावर बारीक बारीक बुडबुडे, मोहरीच्या दाण्याहूनही लहान, एकेक सुटून काचेवरून वर सरकतायत. तिसऱ्या पट्टीनंतर थर ओल्या खडूसारखा झाला आणि प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडून निघाला. खाली काच स्वच्छ. ब्लेड मुद्दाम वापरलं नाही, ओरखडा पडला तर कायमचा.

लाडूची मातीची गुहा (अर्धी कापलेली कुंडी) भाचीला टाकीत हवी होती. माती सच्छिद्र, अडीच वर्षं लघवी प्यायलेली. ती तुळशीशेजारी कोरफडीला दिली. चाक तर विचारूच नको म्हणालो, लोखंडी दांडा आहे.

१० नोव्हेंबर

आज ब्लीच. कालचं आम्ल पूर्ण धुऊन, एक रात्र कोरडं ठेवून मगच. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे "दोन्ही एकदम टाकू, वेळ वाचेल" हा विचार मनातही आणायचा नाही. एक भाग ब्लीच, वीस भाग पाणी, पंधरा मिनिटं, खिडक्या उघड्या. नंतर तीनदा धुतलं आणि शेवटच्या पाण्यात हायपोचे खडे. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. दुकानात निळं पाणी करून "अँटी-क्लोरीन" म्हणून जी बाटली विकतात, तिच्यातही बहुतेक वेळा हेच असतं. सुटे खडे घेतले तर वर्षभर पुरतात.

हीच पेटी सरड्याची किंवा कासवाची असती तरी ब्लीचचा टप्पा चुकला नसता, साल्मोनेला या रोगजंतूसाठी.

१७ नोव्हेंबर, रविवार

गळती चाचणी, गॅलरीत. खाली प्लाय, त्यावर वर्तमानपत्र, आणि चारही बाजूंनी काचेच्या तळाला लागून कोरड्या रांगोळीची रेघ. ही युक्ती बायकोची. टिश्यू पेपर ओला झाला का ते चाचपून बघावं लागतं, रांगोळी लांबूनच सांगते, पांढऱ्याची राखाडी होते.

पाणी २८ सेंमीपर्यंत भरलं, रोजच्या पातळीपेक्षा थोडं वर आणि भोकाच्या खाली. दुपारपर्यंत काही नाही. चारच्या सुमारास मागच्या डाव्या कोपऱ्यात रेघेवर बोराएवढा राखाडी ठिपका. तासाभरात बोटभर लांब.

रिकामी करून टॉर्चने पाहिलं. कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या गोलाईवर दातांच्या खुणा. लाडूने कुरतडलंय, खालून साधारण चार सेंमीपर्यंत. उंदीरवर्गातल्या प्राण्याचे दात वाढतच असतात, त्याला काहीतरी कुरतडायला लागतंच.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. टाकीत सिलिकॉन दोन जागी असतं. दोन काचांच्या मधला पातळ थर टाकीला धरून ठेवतो. आतल्या कोपऱ्यातली गोलाई त्या थराचं रक्षण करते, पाणी अडवते. कुरतडली गेली आहे ती गोलाई. मधला थर बाहेरून काचेतून बघितला, एकसंध काळा, कुठे चंदेरी बुडबुडा किंवा सुटलेली जागा नाही. म्हणजे टाकी मोडून पुन्हा जोडायची गरज नाही, आतलं सगळं सिलिकॉन काढून नवीन भरायचं. मधला थर सुटला असता तर मी पेटी काचवाल्याकडे नेऊन टाकली असती, माझं ते काम नाही.

"सगळं" का, फक्त तो कोपरा का नाही? कारण नवीन सिलिकॉन वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला पक्कं चिकटत नाही. ठिगळ लावलं तर ठिगळाच्या कडेने पाणी वाट काढणार.

२० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

सकाळी सातला रांगेत उभं राहून मतदान उरकलं आणि दिवसभर सिलिकॉन काढलं. कटरचं पातं काचेला जवळजवळ आडवं धरून, गोलाईच्या दोन्ही कडा आधी सोडवायच्या, मग पट्टी ओढली की लांबच लांब निघते. पातं काचांच्या मधल्या फटीत घालायचं नाही, तिथे कापलं तर पकडच गेली. कडेला राहिलेला चिकट पापुद्रा अॅसिटोनच्या बोळ्याने पुसला. सगळ्या आतल्या कडा, चार उभ्या आणि चार तळाच्या. कंटाळवाणं काम, पण डोकं शांत राहतं.

सिलिकॉन घेताना दुकानदार बाथरूमचं देत होता, "दादा, हे भारी आहे, बुरशी लागत नाही." बुरशी लागत नाही कारण त्यात बुरशीनाशक असतं, आणि ते पाण्यात उतरतं. आपल्याला शंभर टक्के सिलिकॉन, अॅसेटिक प्रकारचं, बुरशीनाशक नसलेलं हवं. वाळताना व्हिनेगरचा वास येतो ते.

संध्याकाळी भरलं. कोपऱ्यापासून आठ मिमी सोडून दोन्ही काचांवर मास्किंग टेप, गनने एकसलग रेघ, आणि कुल्फीच्या काडीच्या गोल टोकाने एकाच दमात ओढून घ्यायचं. परत परत हात फिरवला की साय धरायला लागते आणि ओरखडे उमटतात. टेप लगेच काढायची, साय धरण्याआधी.

२३ नोव्हेंबर

घरात सगळे निकाल बघायला टीव्हीसमोर. मी गॅलरीत जाऊन टाकीत नाक घालून आलो. आंबूस वास अजून आहे. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकतं, आणि सध्या नाशिकची हवा ओठ फुटतील इतकी कोरडी. पावसाळ्यात आठवड्यात झालं असतं. घाई नाही.

१ डिसेंबर, रविवार

वास पूर्ण गेला. पुन्हा २८ सेंमी पाणी, पुन्हा रांगोळी. बुधवारपर्यंत तसंच ठेवणार. त्याच पाण्याची उद्या अमोनिया चाचणीही घेईन, लाडूचं काही मुरलेलं उरलं असेल तर कळेल.

फॅब्रिकेशनवाल्याने स्टँड आणून दिला, एक इंची अँगलचा, वर १८ मिमी प्लाय. वजनाचा अंदाज असा: पाणी ८५ किलो (हो, पाऊण टाकीसुद्धा नाही आणि तरी एवढं), काच १९, खडी-दगड १५ धरले तर १२० च्या आसपास. स्टँड भिंतीला आणि बीमला लागून. प्लायवर १२ मिमी थर्माकोल, कारण या टाकीला खाली फ्रेम नाही, तळाची काच थेट टेकते. प्लायवर एखादा खिळ्याचा उंचवटा राहिला तरी काचेला तो बिंदू पुरतो.

पाणसळ लावली, मागची उजवी बाजू दोन मिमी खाली. पायाखाली पत्र्याच्या चकत्या घालून जुळवलं. टाकीखाली पाचर घालून जुळवायचं नसतं, स्टँडखाली घालायची.

४ डिसेंबर

रांगोळी पांढरी. अमोनिया शून्य.

८ डिसेंबर, रविवार

आज टाकी उभी राहिली.

आधी झाकण. लाडूच्या वेळचं झाकण म्हणजे लाकडी चौकट आणि तारेची जाळी. चौकट मस्त आहे, मापात आहे. जाळी मात्र जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा. वाफ जाळीवर धरणार, थेंब पाण्यात पडणार, त्याबरोबर जस्त. मासे आणि त्यांच्याही आधी गोगलगायी ते सोसू शकत नाहीत. तार उपटून नायलॉनची मच्छरजाळी ठोकली. झाकण लागणारच आहे, कारण जे मासे मनात आहेत ते उड्या मारतात.

दगडांवरून कारखान्यात गंमत झाली. निफाडचा एक सहकारी म्हणाला, आमच्या द्राक्षबागेच्या बांधावर काळे दगड पडलेत, हवे तेवढे ने. दगड सुरेख असणार यात शंका नाही. पण द्राक्षावर बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे चुना आणि मोरचूद. मोरचूद म्हणजे तांबं. वर्षानुवर्षं फवारा बसलेला दगड पाण्यात नको. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "आम्ही ती द्राक्षं खातो रे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी दुकानातून बारीक काळी खडी आणि चार दगड घेतले, व्हिनेगरचे थेंब टाकून पाहिले. फेस आला नाही, म्हणजे चुनखडी नाही.

पाणी नळाचं, गंगापूर धरणाचं, हायपो टाकून. स्पंज फिल्टर, हवेचा पंप भिंतीवर खिळ्याला पाण्याच्या पातळीच्या वर टांगला, नळी लाडूच्या भोकातून आत. पंप खाली ठेवला असता तर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरलं असतं.

वरच्या वीस सेंमी मोकळ्या जागेसाठी मनी प्लांट. फांद्या मागच्या काचेला टेकवून मुळं पाण्यात सोडली. पानं हवेत, मुळं पाण्यात, नायट्रेट खाणार. पूर्ण भरलेल्या टाकीत हे जमत नाही, पानं झाकणाबाहेर काढावी लागतात. पाण्यात व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. तिच्याबरोबर दोन-तीन बारीक गोगलगायी फुकट आल्या.

९ डिसेंबर

आता बिनमाशांचं सायकलिंग, म्हणजे मासे सोडण्याआधी टाकीत जिवाणू वसवणं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी. जिवाणू वसायला आठवडे लागतात आणि तोवर त्यांना खायला अमोनिया हवा. तो मासे मारून द्यायचा की बाहेरून, एवढाच प्रश्न.

अमोनियासाठी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला भांड्यावर टाकायचा तोच, धूर निघायचा बघा. मी प्रयोगशाळेच्या प्रतीचा घेतला, बाजारातल्या ढेपेत काय मिसळलंय सांगता येत नाही. ८० लिटरला २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) अमोनिया हवा, तर नवसागर अर्धा ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर तोलला. जिवाणूंचं विरजण म्हणून एका सहकाऱ्याच्या चालू टाकीतला स्पंज आपल्या टाकीत पिळला, पाणी चहासारखं झालं. बायकोने विचारलं, एवढं धुतलं कशाला होतं मग?

१६ डिसेंबर

थंडी. सकाळी टाकीचं पाणी १७ अंश. अमोनिया जिथे होता तिथेच. हे जिवाणू २५ ते ३० अंशांत जोमात असतात, गारठ्यात सुस्तावतात. त्याच सहकाऱ्याकडून हीटर उसना आणला. पाणी उथळ असल्याने उभा लावला तर डोकं बाहेर राहतं आणि काच तडकते, म्हणून खडीच्या वर चार बोटं, आडवा. २७ वर ठेवला. माशांना तो लागणार नाही, जिवाणूंना आत्ता लागतो.

गोगलगायी जिवंत आहेत, काचेवर फिरतायत. तांबं किंवा कीटकनाशक असतं तर सगळ्यात आधी त्या गेल्या असत्या.

२१ डिसेंबर

अमोनिया उतरला, नायट्राइटची चाचणी जांभळीगर्द. पुन्हा नवसागर.

२९ डिसेंबर, रविवार

अमोनिया तीन दिवस अर्ध्यावर अडकलाय. जिवाणू मेले की काय असं वाटावं. पीएच पाहिला, सुरुवातीला ७.४ होता तो ६.३. केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) चारवरून एकच्याही खाली. कारण सरळ आहे: अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला कार्बोनेट खर्च होतो, आणि धरणाच्या मऊ पाण्यात तो मुळात बेताचा. बोअरचं पाणी असतं तर ही वेळ आली नसती. पीएच साडेसहाच्या खाली गेला की जिवाणू काम मंदावतात.

खाण्याचा सोडा एक सपाट चमचा, मगभर पाण्यात विरघळवून. ८० लिटरला साधारण अडीच ग्रॅम सोड्याने केएच एकने वाढतो, मी पाच ग्रॅम टाकला. बेकिंग पावडर नव्हे, सोडा.

१ जानेवारी २०२५

अमोनिया शून्य, नायट्राइट उतरतंय. सोडाच होता.

१९ जानेवारी

काल रात्री २ पीपीएमचा डोस दिला, आज रात्री अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. झालं. उद्या निम्मं पाणी बदलणार, नायट्रेट खूप चढलंय. हीटर रोज एकेक अंश खाली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उरकून भाची शाळेच्या गणवेशातच आली. दुकानात तिला फायटर हवा होता, मग गोल्डफिश, मग दोन्ही. माझी निवड आधीच झाली होती: झेब्रा डॅनिओ. त्यामागची कारणं तिला रिक्षात सांगितली. ही मासळी मूळची आपल्याच उपखंडातली, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात तिची नोंद केली. ती राहते उथळ, संथ पाण्यात, ओढ्यांच्या कडेला, भातखाचरांत. थंडीत १६-१७ अंश आणि उन्हाळ्यात तिशीच्या वर, दोन्ही तिला निसर्गातच सोसावं लागतं, म्हणजे नाशिकच्या घरात हीटरशिवाय निभावेल. सतत पळते, म्हणून लांबी हवी, खोली नको. २५ सेंमी पाण्याला याहून योग्य मासा मला माहीत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत हाच मासा असतो, हेही सांगितलं. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचा जोडीदार जनुक याच्यात सापडतो. त्यावर ती म्हणाली, "मामा, मग हा उंदरासारखाच की." प्रयोगशाळेच्या बाबतीत तरी बरोबर आहे.

दुकानदाराने गुलाबी-हिरवे चमकणारे दाखवले, "निळ्या लाइटमध्ये बघा." तेही डॅनिओच, जेलीफिश किंवा प्रवाळाचं जनुक घातलेले. आम्ही साधे, पट्ट्यांचे घेतले. आठ. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत, आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोडले, दुकानाचं पाणी ओतलं नाही.

पहिला तासभर सगळे एका कोपऱ्यात, पंखांच्या कडा थरथरत. मग एक सुटला, ९० सेंमी सरळ गेला, काचेला जवळजवळ नाक लावून वळला, आणि बाकीचे त्याच्या मागे. तेव्हापासून थांबलेले नाहीत.

९ फेब्रुवारी

अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यच. आणखी सहा आणले. थवा मोठा झाल्यावर एकमेकांना टोचणं कमी झालं, दादागिरी करणाऱ्याला एकच गिऱ्हाईक सापडत नाही. हीटर परत केला. पाणी सकाळी २०, दुपारी २३.

मनी प्लांटला पांढरी नवी मुळं, बोटभर. नायट्रेट आठवड्याला जेमतेम वाढतंय.

२ मार्च

पहाटे लाइट लागल्यावर दोन नर एका जाड मादीला व्हॅलिस्नेरियात ढकलत होते. अंडी घातली असणार आणि लगोलग खाल्लीही असणार, डॅनिओ आपलीच अंडी खातात. भाचीला पिल्लं हवीत. उपाय सोपा आहे: पसरट ट्रेमध्ये काचेच्या गोट्यांचा थर, अंडी गोट्यांच्या फटीत पडतात, मोठ्यांचं तोंड पोचत नाही. सकाळी ट्रे उचलून वेगळ्या डब्यात. गोट्या शोधायला जुन्या नाशकात जावं लागेल, आमच्या गल्लीत आता कुणी खेळत नाही.

१६ मार्च, रविवार

बाष्पीभवन सुरू झालं. उथळ आणि पसरट टाकीत पातळी लवकर उतरते. नुसतं कमी झालेलं पाणी भरत राहिलं तर क्षार साठत जातात, म्हणून आठवड्याला पाव पाणी काढून मगच भरणार. काचेवर २५ सेंमीला बाहेरून टेपची रेघ मारली आहे. घरातल्या कुणीही पाणी घातलं तरी तिच्यावर जाणार नाही.

सोसायटीतले एक गृहस्थ टाकी बघून गेले. त्यांच्याकडे लाल कानाचं कासव आहे, दुकानात रुपयाएवढं घेतलेलं, आता ताटलीएवढं झालंय. ते काढून तीच टाकी माशांना वापरायचा विचार आहे म्हणाले. टाकी पाहिली, १० मिमी काच, वर पट्ट्या, पाण्यासाठीच बनवलेली, नखांचे ओरखडे सोडले तर उत्तम. "आणि कासव?" विचारलं तर म्हणाले, गोदावरीत सोडू. मी चहा होईपर्यंत बसलो त्यांच्यापाशी. हे कासव अमेरिकेतलं, इथल्या नदीत सोडलं की देशी कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतं. सोडणं हा उपाय नाही, कुणी नीट सांभाळणारा मिळेपर्यंत ठेवावं लागेल. ही कासवं नीट ठेवली तर वीस-तीस वर्षं जगतात, हे ऐकून ते जरा गप्प झाले. त्यांच्या टाकीचं काम तूर्त नाही. कासवाच्या फिल्टरसाठी स्पंज कुठला घ्यायचा तेवढं लिहून दिलं.

माझ्याकडची उरलेली कामं: गोट्या, झाकणाच्या जाळीचा एक कोपरा सैल झालाय तो, आणि एप्रिलच्या आधी छोटा पंखा, पाणी ३० च्या वर गेलं तर पृष्ठभागावर लावायला.